वाघाच्या सालची

...नाही, पण मला एक सांगा, डायनिंग टेबल कशासाठी असतं? जेवायला! नावातच आहे की नाही? मग आमच्या घरात आम्ही तिघं जमिनीवर पाट मांडून का जेवतो? मी साठीला टेकलेली बाई, दोन्ही गुडघे कुरकुरतात, खाली बसले की उठताना एक हात भिंतीला लावायचा आणि दुसरा देवाला जोडायचा... आणि माझ्या सासूबाई, मालनबाई, पंचाहत्तरीच्या पुढच्या... पुढच्या म्हणजे नेमक्या किती पुढच्या ते नंतर सांगते, त्याचंच तर सगळं रामायण आहे... त्या टुणकन बसतात, टुणकन उठतात आणि वर मलाच विचारतात, ‘छाया, तुला काय झालं गं?’ मला काय झालं! तुमचा मुलगा झाला, आई! तुमच्या मुलानं टेबल घेतलंय!

आमचे हे म्हणजे शेखर. जन्म गेला सातपूरला एका कारखान्याच्या तपासणी खात्यात. समोर आलेला माल मापायचा, केसभर फरक दिसला की बाजूला टाकायचा. तीस-बत्तीस वर्षं माणसानं हेच केलं की काय होतं, तुम्हाला सांगते, माणूस पोळीकडेसुद्धा तसाच बघायला लागतो. तर हे रिटायर झाले. त्या दिवशी घरी आले, गळ्यात अजून झेंडूचा हार, आणि त्या हारासकट टेबलापाशी उभे राहिले, टेबलावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, ‘छाया, हे टेबल मला एक वर्ष दे. एकच वर्ष! नाणी नीट लावतो आणि मोकळं करून देतो.’ एकच वर्ष... लक्षात ठेवा हं हे शब्द. मी भोळी, मी म्हटलं घ्या.

तर नाणी. टेबलभर नाणी. आणि हात लावायचा नाही! एकदा, फक्त एकदा, पाहुणे यायचे होते म्हणून मी एक मळकं नाणं उचललं आणि पदराच्या टोकानं जरा पुसलं... अहो काय किंकाळी! मला वाटलं विंचू चावला यांना. ‘छायाऽऽ! नाणं पुसायचं नसतं! त्याच्यावरचा काळपटपणा म्हणजे त्याचं वय! ते पुसलंस तू!’ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नाण्याशी बोलत होते. बरं, आमच्या लग्नाचा फोटो धुळीनं भरलाय, तो पुसा म्हटलं तर म्हणतात, राहू दे, तेही वयच आहे.

आता तुम्ही म्हणाल, नाणी काय, बरेच लोक जमवतात. जमवू द्या ना! पण आमच्यांचं साधं नाही. यांना सगळी नाणी नकोत, यांना पाहिजेत एकसाली. एकसाली म्हणजे काय? मी विचारलं होतं हो एकदा, चूक झाली, भाजी जळली तरी उत्तर संपलं नव्हतं. ‘हे बघ छाया, एका किमतीचं नाणं वर्षानुवर्षं निघतं ना, तो एक संसार समज. त्यात एक ठसा येतो, दहा-वीस वर्षं चालतो, बदलतो, दुसरा येतो. ठीक? पण मधेच एखादा ठसा असा येतो की तो एका वर्षापुरताच! एकच वर्ष! मागे नाही, पुढे नाही! पुढच्या साली चित्र बदललं, खेळ खलास!’ आणि डोळे असे चमकतात की काय सांगू... आमच्या लग्नात चमकले नव्हते. मी म्हटलं, मग त्या कुणाकुणाच्या जयंतीची नाणी निघतात, तीही एकाच वर्षाची की. तर कपाळाला हात! ‘अगं ते पाहुणे! पाहुणा एक दिवस येतो, जेवतो, जातो. तो घरातला नव्हे. एकसाली घरातलाच पाहिजे, घरात जन्मलेला आणि एका वर्षात गेलेला.’ हे ऐकून माझ्या सासूबाईंना भरून आलं, त्यांना वाटलं कुणाचं तरी मूल गेलं.

बरं, नाण्यांपुरतं ठेवलं असतं तरी मी सोसलं असतं! पण नाही, सगळं घर यांनी त्यात बसवलं. माझं लोणचं एकदा खारट झालं... ‘हे एकसाली!’ यांनी एकदा मिशा ठेवल्या होत्या, त्या फोटोवर बोट ठेवून ‘एकसाली!’ धाकटा दीर एकदाच दिवाळीला आला, त्याच्या तोंडावर म्हणाले, ‘तू एकसाली.’ तो पुन्हा आलाच नाही, म्हणजे खरंच झालं ते. एकच वर्ष, मागे नाही, पुढे नाही! आणि मी विचारलं, अहो, मग मी कुठल्यात? तर मान वरसुद्धा न करता म्हणाले, ‘तू ना? तू चालू चलन.’ ऐकलंत? चालू चलन! रोज पोळ्या लाटते, म्हणून चालू चलन!

आणि यांच्या जोडीला दुसरा एक नग आहे, सावळीराम. मखमलाबादला मळा आहे त्यांचा, झेंडू, गुलाब, शेवंती. पहाटे मार्केटला फुलं घालायची आणि परत जाताना आमच्या दारात स्कूटर लावायची. फुलांच्या पाटीत रिकाम्या पोत्याखाली नाण्यांचा डबा! माणूस सोन्यासारखा, रोज सासूबाईंना देवाला फुलं आणतो, पण हे दोघं समोरासमोर बसले की झालं, चहा गार. भांडण कशावरून? ठिपक्यावरून! नाण्यावर सालाच्या खाली बारीकशी खूण असते म्हणे, कुठं ठिपका, कुठं चौकट, कुठं चांदणी, म्हणजे कुठल्या टांकसाळीत पाडलं ते कळावं. आमचे हे म्हणतात ठिपका वेगळा की प्रकार वेगळा. सावळीराम म्हणतात, ‘अवो शेखरभाऊ, माझा झेंडू मखमलाबादला लावला काय न् वणीला लावला काय, झेंडूच ना तो? ठिपक्यानं काय हुतं? चित्र तेच ना?’ हे म्हणतात, ‘केसभर फरक तो फरक!’ ते म्हणतात, ‘लय झालं तुमचं सातपूर!’ मग हे रागावतात, ते उठतात, फुलं ठेवतात, जातात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. वर्षानुवर्षं! हा ठसा काही बदलत नाही.

आता खरी गोष्ट. यांच्या अल्बममध्ये एक पान होतं. एकसाली रुपया-पैशांचं पान. सगळे खण भरलेले आणि मधोमध एक खण रिकामा. त्या खणाखाली यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं, ‘वाघ’. वाघाचा रुपया! तुम्हाला ठाऊक नसेल, मलाही नव्हता, आता झोपेतून उठवून विचारा. इंग्रजांनी जाता जाता आठ आणे, चार आणे नवे काढले, एका बाजूला त्यांचा राजा आणि एका बाजूला आपला वाघ. ते दोन वर्षं निघाले, सेहेचाळीस आणि सत्तेचाळीस. पण वाघाचा अख्खा रुपया? तो फक्त सत्तेचाळीसचा. एकच वर्ष! मागे नाही, पुढे नाही! पुढे राहील कसा हो, राजालाच घरी पाठवला, मग त्याच्या पाठीवरचा वाघ कुठं राहतो?

मी म्हटलं, मग आणा की कुठून तरी विकत. तर असं बघितलं माझ्याकडे, जसं काही मी नैवेद्याचा मोदक हॉटेलातून आणा म्हटलं! विकत घ्यायचं नाही, हा यांचा नेम. शोधायचं, मागायचं, अदलाबदल करायची. आणि शोधायचं म्हणजे कुठं कुठं? बारशाला गेलो, हे पाळण्याकडे न बघता ओवाळणीच्या ताटात बघतात! सटाण्याला माझ्या मामेबहिणीकडे लग्न, मांडवात वरमाय गडबडीत, आणि हे तिच्या सासऱ्यांना कोपऱ्यात घेऊन, ‘तुमच्याकडे जुन्या पेटीत वाघ आहे का हो?’ ते म्हातारे घाबरले. म्हणाले, ‘वाघबिघ काही नही शे आमनाकडे, भाऊ! कांदा शे, कांदा लई जा!’ आणि खरंच गोणी दिली. कांदे घेऊन आलो आम्ही. आणि एकदा तर... नाही, हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगते... एकदा भेटायला गेलो होतो, घरातले आजोबा गेलेले, सगळे सुतकात, आणि आमचे हे डोळे पुसत पुसत त्या बाईंना म्हणतात, ‘आजोबांनी मागे काही ठेवलंय का? म्हणजे... गोल?’

आणि या सगळ्या काळात माझ्या सासूबाई शेजारी बसून वाती वळतायत. ऐकतायत सगळं. चकार शब्द नाही! हेही लक्षात ठेवा.

तर यंदा काय झालं, यांच्या नाणेप्रेमी मंडळानं ठरवलं, दिवाळी झाली की प्रदर्शन भरवायचं. प्रत्येकानं आपलं एक पान मांडायचं, पण पान पुरं पाहिजे. खण रिकामा, तर मधलं टेबल मिळणार नाही, कोपऱ्यात बसा. यांची झोप उडाली. कारण या माणसाच्या हातून आयुष्यभर पुरा माल बाहेर गेला, आणि स्वतःचं एक पान अर्धवट! मला खोटं बोलायचं नाही, मला वाईट वाटायचं. रात्री पाणी प्यायला उठले की हे टेबलापाशी, त्या रिकाम्या खणावर बोट ठेवून बसलेले. किती चिडले तरी माझाच नवरा ना हो.

आणि सावळीरामकडे वाघ किती? दोन! एक आजीच्या गाठोड्यातला, एक कुठून तरी बदलून घेतलेला. हे गेले, म्हणाले, एक दे. सावळीराम म्हणाले, ‘देतो की! आत्ता देतो! फकस्त एक करा. परदर्शनात समद्यांच्या म्होरं म्हणा, का ठिपक्यानं प्रकार बदलत नाय.’ आता म्हणावं की नाही? एवढंसं वाक्य! अहो, मी रोज नाही ते बोलते, संसार चालतो. पण आमचे हे ताठ! ‘वाघ नसला तरी चालेल, पण मी ठिपका सोडणार नाही!’ आणि तरातरा घरी आले. कोपऱ्यातलं टेबल नक्की झालं.

मग आलं नवरात्र. आमच्याकडे घट बसतात. सासूबाई वणीच्या अलीकडच्या खेड्यातल्या, त्यामुळे देवीचं सगळं कडक. घट बसायच्या आदल्या दिवशी देव उजळायचे, म्हणजे चिंच-बिंच लावून लख्ख घासायचे, आणि ते काम त्यांचं, माझ्या लग्नापासून त्यांनी मला देव घासू दिले नाहीत. ‘तुझा हात जड,’ म्हणतात. पण यंदा काय झालं, त्या बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, मनगट प्लॅस्टरमध्ये. घरात पुरणाचा घाट, मी स्वयंपाकात अडकलेली. मग राहिलं कोण? सासूबाईंनी हाक मारली, ‘शेखर, ये, देव घास.’

आता हा माणूस, ज्यानं पदर लागला म्हणून दोन दिवस अबोला धरला, तो पाटावर बसला, समोर चिंचेचा कोळ, रांगोळी, नारळाची शेंडी. बाळकृष्ण घासला, अन्नपूर्णा घासली, घंटा घासली. मग सासूबाईंनी देव्हाऱ्याच्या अगदी आतल्या कोपऱ्यातून डाव्या हातानं एक गोल चपटी वस्तू काढून दिली. त्याला आम्ही ‘आईंचा टाक’ म्हणायचो, टाक म्हणजे देवीची पत्र्यावर उठवलेली मूर्ती असते ना, तसं काही तरी असणार असं आम्ही धरून चाललेलो. कारण दिसायचं काय? कुंकू! वर्षानुवर्षांचं कुंकू, हळद, तूप, थरावर थर. दर मंगळवारी पाणी, वरून नवं कुंकू. त्याच्या आत काय आहे ते कुणी बघितलंय?

यांनी घेतला, आणि घासला! कसला घासला हो! सगळा राग त्याच्यावर. सावळीरामचा राग, मंडळाचा राग, कोपऱ्यातल्या टेबलाचा राग... चिंच लावली, रांगोळी लावली, शेंडीनं खसाखसा, खसाखसा. मी आतून म्हटलं, अहो हळू, देव आहे तो! आणि एकाएकी आवाज बंद. मी पुरण ढवळतेय, मनात म्हटलं आवाज का बंद? आणि मग... ‘छायाऽऽ!’ तीच किंकाळी! विंचवाची! मी पळीसकट बाहेर आले. बघते तर हे पाटावर, हातात तो टाक, कोपरापर्यंत लाल पाणी. ‘छाया... शेपूट!’

मी म्हटलं कुणाची शेपूट? ‘वाघाची शेपूट! हे बघ, मागचा पाय! हे पट्टे... पट्टे होते, आता मी घासले! मी घासलं, छाया! मी! चिंचेनं! शेंडीनं! मी नाणं घासलं!’ आणि रडायला लागले. आता रडू कशाचं, वाघ मिळाल्याचं की घासल्याचं, ते त्यांनाही कळेना.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते ऐकून होते, त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. माणूस सटाण्यापर्यंत फिरला, सुतकात विचारून आला, आणि वाघ घरातल्या घरात देवीपाशी तूप खात बसलेला!

पहिला हुंदका ओसरला आणि यांच्यातला तपासनीस जागा झाला. राजाची बाजू बघितली, सपाट. पार ताटलीसारखी. साल बघितलं, गेलं. ठिपका, खूण, सगळं गेलं. पूर्वी राखेनं, विटकरीच्या भुकटीनं घासायचे ना. मी मनात म्हटलं, झालं, साल नाही म्हणजे बाद. पण हे उठले, कपाटातून कारखान्याचा तो मापायचा चिमटा आणला, लाल हातांनीच लावला आणि ओरडले, ‘रुपयाच्या मापाचा आहे! आठ आणे नाहीत! आठ आणे असते तर सेहेचाळीस की सत्तेचाळीस ते कधीच कळलं नसतं. पण हा रुपया आहे, छाया! रुपयाला वाघ एकदाच! याला साल लागत नाही, हा वाघच याचं साल! एकच वर्ष! मागे नाही, पुढे नाही!’

मग हळूच सासूबाईंकडे वळले. ‘आई, हे नाणं आहे, तुला माहीत होतं?’

‘मंग? रुपया हाय तो. मला काय ठावं नाय व्हय?’

‘आणि मी इतकी वर्षं वाघ, वाघ करून गावभर फिरतोय, ते तू ऐकत होतीस?’

‘आयकत हुते की.’

‘मग बोलली का नाहीस, आई?’

सासूबाई अगदी शांत. ‘बोलले असते तर तू पुस्तकात घातला असता. देव कुनी पुस्तकात घालतं व्हय?’

मी पळी घेऊन उभीच. मग त्याच सांगायला लागल्या. ‘माझ्या बानं ठेवला तो देवापाशी. मी जल्मले तव्हा. वणीच्या बाजारात कोरा रुपया हाती आला, त्याच्यावर वाघ. बा म्हनला, देवीनं पोरीसंगं वाघ धाडला. लगीन झालं तव्हा माझ्या ओटीत घातला. म्हनला, मालन, कुनी इचारलं का तू कव्हाची, तर सांग, वाघाच्या सालची.’ डाव्या हातानं पदर नीट केला. ‘पर ते साल कोन्तं ते मला कुठं वाचता येतंय? तवर घासून गेलं. आधार कारडवाल्यानं इचारलं, म्या म्हनलं वाघाचं साल. तो हसला न् टाकली एक जानेवारी, मनाला येईल ते साल. समद्यांना वाढदिस असतो, छायाला हाय, शेखर, तुला हाय. मला नाय. नसंना का.’

तुम्हाला सांगते, इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली वावरले मी, पण त्या बाईला आपलं साल माहीत नाही आणि ते तिच्या मनाला लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि आमचे हे... हे सरकत सरकत त्यांच्यापाशी गेले. तो माणूस, जो हे वाक्य ओरडल्याशिवाय बोलत नाही, तो अगदी हळू बोलला. ‘आई, हा वाघ एकच वर्ष होता. मागे नाही, पुढे नाही. तू सत्तेचाळीसची आहेस.’

‘सत्तेचाळीस?’

‘देश सुटला ना, त्या सालची.’

सासूबाईंनी डाव्या हातानं तो वाघ घेतला, डोळ्यांशी नेला. माझ्या डोळ्यांत पाणी, यांच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं आता त्या देवीला हात जोडतील. तर म्हणतात कशा, ‘शेखर, आपली वणीची भागी कव्हाची रं?’ भागीबाई म्हणजे त्यांची चुलतबहीण. ती दोन इयत्ता शाळेत गेलेली, म्हणून तिचं साल पक्कं. हे म्हणाले, ‘भागीमावशी अठ्ठेचाळीसची.’

‘अठ्ठेचाळीस सत्तेचाळीसच्या आदी येतं का मागून?’

‘मागून, आई.’

आणि मग, ‘छाया! फोन लाव!’ अहो, ती भागीबाई जन्मभर स्वतःला थोरली म्हणवत आली! दर संक्रांतीला या तिच्या पाया पडायच्या! मी फोन लावला, पलीकडून हॅलो यायच्या आत या ओरडल्या, ‘भागे! थोरली मी हाय! वाघानं सांगितलं! पाया पड!’

आता तुम्हाला वाटेल, वाघ मिळाला, खण भरला. कुठलं काय! प्रदर्शनाचा दिवस आला, यांनी हात जोडले, ‘आई, एक दिवस ने म्हण.’ त्या म्हणाल्या, ‘नेऊ. पर देव एकटा जात नाय. मी बी येनार.’ आणि आल्या! प्लॅस्टरचा हात, नऊवारी, आणि कुंकवाच्या करंड्यात वाघ. हॉलमध्ये सगळे हातमोजे घातलेले, भिंगं लावलेले, आणि यांच्या टेबलामागे सासूबाई खुर्चीत बसून, ‘ए दादा, चपला काढ! देवापाशी चपला घालून येतो व्हय?’ मोठमोठे नाणेवाले गपचूप चपला काढतायत! आणि मधेच सासूबाईंनी वाघाला ताजं कुंकू लावलं, तर शेजारचे एक गृहस्थ खुर्चीतच बसले, त्यांना पाणी पाजलं.

तेवढ्यात सावळीराम आले. चपला काढल्या, सासूबाईंना फुलं दिली आणि वाकून बघितलं. बघून म्हणतात, ‘शेखरभाऊ, साल नाय.’

‘नाही.’

‘टांकसाळीची खूण नाय. ठिपका नाय, काय नाय.’

आणि आमचे हे, सगळ्या हॉलसमोर, छाती काढून, ‘ठिपका नसला म्हणून काय झालं? चित्र तेच आहे ना! चित्रावरून ठरतं सगळं! ठिपक्यानं काय होतं?’

सावळीराम सरळ उभे राहिले. हॉलकडे वळले. ‘आयकलं का समद्यांनी? तोंडानं बोलले! ठिपक्यानं काय हुतं म्हनले!’ यांचं तोंड उघडं ते उघडंच! जन्मभर धरलेला ठिपका एका दमात सोडला, तोही ओरडून! सावळीरामनी खिशात हात घातला आणि आपला दुसरा वाघ काढला. कोरा, लखलखीत, एकेक पट्टा मोजून घ्यावा असा. ‘घ्या. कबूल केलं व्हतं. आईचा वाघ देव्हाऱ्यात राहू द्या, ह्यो खणात घाला.’ तरी खोड जाईना, सासूबाईंना म्हणतात, ‘पर मावशी, टांकसाळीतून निघून वणीच्या बाजारात येस्तोवर साल उलटू शकतं, बरं का...’

‘तू व्हतास का तिथं?’

‘नाय.’

‘मंग?’ संपलं.

आता मी श्वास रोखून. घाला! खण भरा! पान पुरं होऊ दे, माझं टेबल सुटू दे! यांनी तो कोरा वाघ हातात घेतला, उजेडात धरला, बघितला. करंड्यातल्या त्या सपाट, लाल, बिनपट्ट्याच्या वाघाकडे बघितलं. आणि कोरा वाघ सावळीरामच्या हातात परत ठेवला! ‘असू दे, सावळीराम. माझा वाघ घरी आहे.’ पेन काढलं आणि रिकाम्या खणाखाली, जिथं ‘वाघ’ लिहिलं होतं, त्याच्यापुढे लिहिलं, ‘आईकडे.’

सावळीराम म्हणाले, ‘येडा हाय का काय तू!’ पण म्हणताना डोळे पुसत होते. मीसुद्धा कपाळावर हात मारला... आणि त्याच हातानं डोळे पुसले, आता लपवायचं काय.

वाघ देव्हाऱ्यात परत गेला. सासूबाईंचं मनगट पुरतं वळत नाही अजून, त्यामुळे दर मंगळवारी वाघाला अंघोळ कुणी घालायची? यांनी! जगातला एकमेव नाणेवाला, जो दर आठवड्याला आपलं नाणं धुतो. बोटाच्या टोकानं, तान्ह्या बाळाला घालावी तशी. चिंच मात्र बंद. सासूबाई कुरकुरतात, ‘लख्ख निघंना!’ हे म्हणतात, ‘आई, तुझं वय आहे ते, राहू दे थोडं.’

मी म्हटलं, चला, पान झालं, आता टेबल मोकळं. अहो, कसलं मोकळं! भागीबाईनं अख्ख्या वणीला फोन केले! तिला पडतं घ्यावं लागलं ना, ती म्हणाली, मग सगळ्यांचंच साल काढा! आता काय विचारता, रोज दुपारी आमच्या दारात म्हाताऱ्या! कुणाच्या देव्हाऱ्यातलं, कुणाच्या पानाच्या चंचीतलं, कुंकवानं माखलेलं नाणं घेऊन यायचं, माझ्या डायनिंग टेबलावर ठेवायचं आणि ‘शेखर, माझ्या आयनं सांगितलं व्हतं, मी या पैशाच्या सालची, बघ बरं.’ हे चिमटा लावतात, भिंग लावतात. पण एकसाली नशीब सगळ्यांचं कुठं असतं हो? परवा भिमाबाई आल्या होत्या, त्यांच्या नाण्याचा ठसा पुष्कळ वर्षं चाललेला. हे बिचारे हळू आवाजात म्हणाले, ‘आजी, यात वर्षं बरीच बसतात, तुम्ही यातल्या कुठल्याही सालच्या असू शकता.’ भिमाबाई लाजल्या. ‘मंग शेवटचं साल लिव्ह रं. तेवढीच धाकटी.’

आणि चहा कोण करतं? चालू चलन! पण एक सांगते, हल्ली त्या म्हाताऱ्या गेल्या की हे स्वतः उठून कपबश्या विसळतात. हे याआधी कधी झालेलं नाही. पुढच्या वर्षी राहील का, कुणास ठाऊक. मी काही विचारत नाही.

टेबलाचं मात्र विचारलं. म्हटलं, अहो, तुम्ही एकच वर्ष म्हणाला होतात. तर भिंगातून माझ्याकडे बघून म्हणतात, ‘हो, पण कुठलं वर्ष ते कुठं सांगितलं होतं?’

तर या ना एकदा घरी, जेवायलाच या. पुरणपोळी करते. फक्त एक विचारून ठेवते... मांडी घालता येते ना तुम्हाला?